गुऱ्हाळाचे तिकीट

दिवाळीला पाहुणे येतात ते फराळासाठी येतात, असा आमच्या घरात पुष्कळ वर्षे समज होता. गेल्या दिवाळीत तो दूर झाला. भाऊबीज उरकली, लाडवांच्या डब्याने तळ गाठला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून आलेली मंडळी, म्हणजे मुलगा, सून, दहा वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू, चहा पिऊन माझ्यासमोर ओळीने येऊन बसली. सुनेने विचारले, "बाबा, कोल्हापुरात बघण्यासारखं आणखी काय आहे?"

ज्या गावात सारा जन्म काढला त्या गावाविषयी कुणी असे विचारले म्हणजे माणसाची पंचाईत होते. रोज ज्या खुंटीला छत्री अडकवतो तिची उंची कुणी विचारावी, तसे! मी आपला अंबाबाईपासून आरंभ केला. दर्शन झाले होते. नवा राजवाडा झाला होता. पन्हाळा तर मुलाच्या शाळेच्या सहलीपासून धरून चार वेळा झाला होता. 2025 साली युनेस्कोने त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले, म्हणून पाचव्यांदा चढून जावे असे काही कुणाला वाटेना.

"आजोबा, मला शेत बघायचंय," नात म्हणाली. "पण खरं."

"खरं म्हणजे?"

तेव्हा उलगडा झाला. शाळेने या मुलांना पुण्याबाहेर कुठल्याशा 'फार्म'वर नेले होते. तिथे एक रंगवलेली बैलगाडी होती. तिच्यात बसून फोटो काढायचा. एक शेळी होती. तिला गाजर द्यायचे. दुपारी पिठले-भाकरी. "आणि शेतात काय लावलं होतं?" मी विचारले. पोरीने बराच वेळ आठवून पाहिले. "लॉन," ती म्हणाली.

वाचकहो, त्या एका शब्दापायी मी अडीच दिवसांचा कार्यक्रम आखला. तो या सदरातून आपल्यापुढे ठेवतो तो एवढ्याचसाठी, की यंदाच्या सुटीतही आपल्यापैकी पुष्कळांची पावले कोल्हापूरकडे वळतील. देऊळ, तळे, किल्ला, तांबडा-पांढरा रस्सा आणि परतताना चपलांचा एक जोड, ही यादी आपल्यापाशी तयार असेलच. तिच्यात एक गोष्ट राहून जाते. मात्र तिच्याकडे जाण्यापूर्वी तळ्यावर गेलेच पाहिजे. पाहुण्याला प्रथम रंकाळा दाखवला नाही तर कोल्हापूरकराला जेवण जात नाही.

रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती, ती खचली आणि तिच्यात पाणी भरले, अशी आमच्याकडची परंपरागत समजूत. काठच्या नंदीची कथा तर घरोघर सांगतात. हा नंदी म्हणे रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याशी पोचेल त्या दिवशी जगबुडी! माझ्या लहानपणी ही कथा ऐकून आम्ही निमूटपणे हात जोडत होतो. नातीने मोबाइल काढून हिशेब मांडला. गहू किती लांब, तांदूळ किती लांब, कोणत्या जातीचा तांदूळ, वर्षाला फरक किती. उत्तर ऐकण्याआधीच मी भेळेची ऑर्डर दिली. नातवाचा प्रश्न सोपा होता: "आत्ता कुठपर्यंत आलाय?"

उन्हे उतरली की पाण्यातला संध्यामठ आणि पलीकडचा शालिनी पॅलेस असा काही उजळतो, की मधल्या काळात याच तळ्यावर जलपर्णीची चादर पसरलेली होती हे सांगूनही खरे वाटू नये. सून फोटो काढण्यात रमली. आमच्या घरातून मी म्हणाले होते, "तुम्ही पुढं व्हा, मी मागनं येतो." असे बोलणारी माझी पत्नी होय, व्याकरणात चूक नाही. कोल्हापूरच्या बायका 'येतो', 'जातो' असेच म्हणतात. पुण्याच्या नातवाला याचे दर वर्षी नव्याने हसू येते आणि त्याची आजी दर वर्षी तेवढ्यासाठी दोनदा जास्त 'येतो' म्हणते.

परतताना गंगावेशीत दूधकट्ट्यावर थांबलो. म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला त्याच्या हाती द्यायचा, ही इथली जुनी चाल. तालमीतल्या पैलवानांचे गाव हे; दुधात पाणी घालणाऱ्याची इथे धडगत नसे, म्हणून मध्ये भांडेच ठेवायचे नाही, अशी यामागची मख्खी असावी असे माझे मत आहे. दूध उकळल्यावाचून पिऊ नये असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे. सूनबाई डॉक्टरांच्याच पक्षाच्या असल्यामुळे पेला माझ्या वाट्याला आला. नातवाने फक्त पेल्याला हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. "हे तापवलं कुणी?" त्याने विचारले.

मी म्हशीकडे बोट दाखवले. त्याने तिच्याकडे ज्या आदराने पाहिले, तसा आदर त्याच्या नजरेत मी माझ्यासाठी अद्याप पाहिलेला नाही. ज्यांना पाडव्याच्या दिवशी कोल्हापुरात येणे जमेल त्यांनी याच म्हशी शृंगारलेल्या पाहाव्यात. शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा, आणि मोटारसायकलवरून पुढे गेलेल्या मालकाच्या हाकेसरशी गर्दीतून धावत सुटलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर गेलो. हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. पण पुढे जे पाहायचे त्याची सुरुवात इथे आहे. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब उभे, खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांतून फळ्या बसवायच्या. पूर्वी फळ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये माती ठासून भरत. झाला बांध, अडले पाणी! पाऊस तोंडावर आला की फळ्या काढून घ्यायच्या आणि पुराला गाळासकट वाट मोकळी करून द्यायची. नदीशी भांडायचे नाही; चार महिने तिचे, आठ महिने आपले. या साध्या युक्तीला उभ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. चपलेइतके नाव तिचे झाले नाही. पण तिने माणसे जगवली आहेत ती चपलेहून अधिक.

हे पाणी येते वरच्या अंगाने, राधानगरीहून. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले. 1922 साली ते गेले तेव्हा काम अपुरे होते, पुढच्यांनी ते पुरे केले. त्या धरणाचे सात दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात. कुणी माणूस कळ दाबत नाही. ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस मोकळा आहे त्यांनी तिकडे जरूर जावे. पुढेच दाजीपूरचे जंगल आहे, 1958 साली अभयारण्य झालेले, गव्यांसाठी प्रसिद्ध. पावसाळ्यात ते बंद असते, दिवाळीनंतर जावे. गवा दिसेलच अशी हमी मात्र मी देत नाही. मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा त्याचे शेण पाहून आलो.

बंधाऱ्यावर पुराच्या पातळीच्या खुणा आहेत. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते, 2021 साली पुन्हा तीच गत. मी नातीला ती पातळी हाताने दाखवू लागलो. हात पुरेना. तिने मान वर करून बंधाऱ्याकडे, मग दोन्ही काठांवरच्या हिरव्यागार उसाकडे पाहिले आणि विचारले, "मग तेव्हा हे सगळं?"

"पाण्याखाली," मी म्हणालो. पुढे काही बोललो नाही. पण तो प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या पुढ्यात यायचा होता.

त्याच दिवशी दुपारी कणेरी मठ केला. मठाच्या आवारात जुन्या काळचे स्वयंपूर्ण खेडे पुतळ्यांतून उभे केलेले आहे. लोहार, कुंभार, सुतार, न्हावी, नांगर धरणारा शेतकरी, मोटेवरचा बैल, ओसरीवर भांडणारी पोरे. काम इतके हुबेहूब, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. मुलांना घेऊन जाण्याजोगे दुसरे इतके चांगले ठिकाण जवळपास नाही, हे आधी सांगून टाकतो. आमचा नातू लोहाराच्या भात्यापाशी उभा राहिला तो हलेचना. पाच मिनिटे गेली, सात गेली. "चल ना," त्याची आई म्हणाली. "थांब," तो म्हणाला, "आत्ता मारणार आहे." उगारलेला हातोडा काही खाली आला नाही. पोराचा चेहरा पाहून मला वाईट वाटले आणि मनात आले, की उद्या याला हातोडा खाली येतो अशा ठिकाणी न्यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत चिखलीचा प्रयाग डाव्या हाताला राहतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच जणींची मिळून पंचगंगा होते ती तिथे. दोन्ही बाजूंना ऊस, त्याला नुकते तुरे फुटू लागलेले. केर्लीच्या अलीकडे वाऱ्यावर तो वास आला. ज्यांनी तो कधी घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मी गाडी आत वळवायला सांगितली.

गुऱ्हाळाच्या तोंडाशी एक फलक होता. 'गुऱ्हाळ पाहणे, रस, काकवी. माणशी शंभर रुपये. बारा वर्षांखालील निम्मे.'

मी तो दोनदा वाचला. माझ्या मामांचे भोगावतीच्या काठी गुऱ्हाळ होते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, म्हणजे 1964 च्या सुमारास, नाताळच्या सुटीत आम्ही भावंडे तिथे चुलवाणाच्या उबेला निजत असू आणि निखाऱ्यात भाजलेली रताळी खात असू. वाटेने जाणारा कुणीही, मग तो ओळखीचा असो वा नसो, रस पिऊन आणि हातावर गुळाचा खडा घेऊनच पुढे जाई. गुऱ्हाळावरून रिकामा माणूस गेला तर गूळ बसत नाही, असे मामी म्हणायच्या. आणि इथे दारात फलक!

मालक चाळिशीतला गृहस्थ होता. डोक्याला टॉवेल, हातात वही. "यावा की पावनं," तो म्हणाला.

"येतो," मी म्हणालो, "पण हे तिकीट कशाचं? रसाला पैसे घेतल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं. आल्यागेल्याला फुकट मिळायचं सगळं."

तो माणूस रागावला नाही. त्याने शांतपणे विचारले, "आता हाय का त्ये गुऱ्हाळ?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. मामा गेले, मामेभावाने ऊस कारखान्याला घालायला सुरुवात केली, छप्पर पडले, 1991 साली काहील भंगारात विकली. माझ्या आईच्या वाट्याचे म्हणून त्यातले काही रुपये घरी आले होते. आईने त्यांना हात लावला नाही. मी लावला. नोकरीचे दिवस होते, महिनाअखेर होती. मी मुकाट्याने सहा जणांचे पाचशे रुपये मोजून दिले. पुण्याच्या त्या 'लॉन'ला शाळेने याहून पुष्कळ जास्त घेतले होते, असे मुलाने मागाहून सांगितले.

आत गेलो, आणि तिकीट विसरून गेलो.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही अशा शहरवासी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो. एका अंगाला चरक. त्यात उसाच्या मोळ्या जाताहेत, इकडून रस आणि तिकडून चिपाडे बाहेर पडताहेत. चिपाडे उन्हात वाळवायची आणि तीच चुलवाणात घालायची, म्हणजे उसाचा रस उसाच्याच जाळावर आटतो, विकतचे लाकूड लागत नाही. चुलवाणावर ती काहील. दोन माणसे आडवी निजतील एवढी रुंद लोखंडी कढई. जाळावर बसलेला जळव्या चिपाडांचे पेंढे आत लोटत असतो. जाळ किती हवा हे त्याला वरून सांगितले जाते. रस तापू लागला की भेंडीची झाडे ठेचून काढलेले बुळबुळीत पाणी त्यात घालतात. तुमच्या-आमच्या भाजीतली भेंडी ज्या गुणासाठी मुलांना आवडत नाही, नेमका तोच गुण इथे कामाला येतो. सगळी घाण धरून ती मळी होऊन वर येते आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढून टाकतात. थोडा चुना पडतो. मग रस आपला सोन्यासारखा उकळत राहतो. मध्येच काढून घेतला तर काकवी, आणखी पुढे नेला तर गूळ.

आणि हे पुढे नेणे ज्याच्या हाती, तो गुळव्या. या गुऱ्हाळाचा गुळव्या सत्तरीचा असेल. काटकुळा, बंडी घातलेला. तो कुणाशी बोलत नव्हता. काहिलीकडे बघत होता आणि मधूनच मान तिरकी करून काही ऐकत होता. नात माझा हात धरून सुरक्षित अंतरावर उभी होती. (मुले बरोबर असतील तर हात सोडू नका. तो रस पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो आणि अंगाला चिकटतो.) खांबाला एक लांब तापमापक टांगलेला दिसला. मालक म्हणाला, संशोधन केंद्रातल्या साहेबांनी सांगितलंय, एकशे सोळा ते अठराला उतरवायचं. कोल्हापुरात ऊस आणि गुळाचे सरकारी संशोधन केंद्र आहे, त्याचा हा सल्ला.

"मग ते आजोबा का नाही बघत त्यात?" नातीने विचारले.

मालक हसला. त्याने तापमापक काढून रसात धरला आणि आकडा तिला एकटीलाच दिसेल असा फिरवला. एकशे बारा. एकशे चौदा. गुळव्याने पळीभर रस गार पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी चाचपला, टाकून दिला. पुन्हा काहिलीकडे कान दिला. एकशे सोळा. कुणी बोलेना. चरकसुद्धा तेव्हा थांबलेला होता. "हाण!" गुळव्या ओरडला, आणि चार माणसांनी काहील उचलून धरली. धूर, वाफ, आणि तो लालसर सोन्याचा लोंढा वाफ्यात धो धो पडू लागला.

"किती होतं?" मी विचारले.

"एकशे सतरा," नात म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नातू उड्या मारत होता. हातोडा खाली आला होता!

वाफ्यातला गूळ फावड्यांनी उलटापालटा करून निवू लागला तेव्हा नातीने धीर करून गुळव्याला विचारले, "तुम्हाला कसं कळतं?"

"बुडबुडं बघायचं," तो म्हणाला. "आदी मोठं असत्यात. मग बारीक हुत्यात. मग आवाज बदलतोय. थोराड आवाज असतोय, त्यो हळू हुतोय." मग जरा थांबून, "दोन-चार हंगाम बसलं की येतंय कुनालाबी. पन बसतंय कोन? माझं पोरगं रिक्षा चालवतंय कोल्हापुरात."

रस पिताना मालकाने हिशेब उलगडला. गुऱ्हाळाला मध्यरात्रीपासून माणसे लागतात, ती मिळत नाहीत. ऊस कारखान्याला घातला तर वजन होऊन पैसे ठरलेले. इथे गूळ बाजारात नेऊन भाव काय फुटतो त्याची वाट पाहायची. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, गुजरातचा व्यापारी काय बोलतो त्यावर सगळे. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळासाठी. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. "पन मानांकनानं जळव्याचा पगार भागत न्हाई," तो म्हणाला. 2019 ला पाणी या छपराच्या आढ्याला लागले होते. ऊस कुजला. चरकाची मोटार गेली. 2021 ला पुन्हा तेच. नात माझ्याकडे पाहू लागली. आजूबाजूची गुऱ्हाळे त्यानंतर उघडलीच नाहीत. हाही बंद करणार होता. तेवढ्यात पन्हाळ्याला जाणारी कुटुंबे गाडी थांबवून आत येऊ लागली, फोटो काढू लागली.

"मग काका, मी फलक लावला. ह्या तिकिटाच्या पैशातनं ह्यांना हंगामाचा ठरीव पगार देतोय," त्याने गुळव्याकडे हात केला, "आन ह्यांच्या हाताखाली एक पोरगं ठिवलंय. रस मी आजबी शेजाऱ्या-पाजाऱ्याला फुकट देतोय. पन तुमी गाडीतनं आलाय."

शेवटचे वाक्य त्याने दुखावण्यासाठी म्हटले नव्हते. म्हणून ते अधिक लागले.

अजून एक हिशेब बाकी होता, आणि तो आमच्या घरातल्या कोठीचा निघाला. मालकाने दोन रवे आणून ठेवले. एक पिवळा धमक, दुसरा तपकिरी. "वहिनी, कुठला घ्याल?" पत्नीने क्षणाचाही विलंब न लावता पिवळ्यावर बोट ठेवले. चाळीस वर्षे बाजारात ती हेच करीत आली आहे. रवा वाजवून, खडा फोडून, उजेडात धरून.

"हाच सगळ्यास्नी पायजे," तो म्हणाला. "म्हनून त्यात हायड्रॉस पडतंय. रंग येतोय. आमी घालायचं बंद केलंय, ह्यो पिवळा बाजारातनं आनलेला नमुना हाय. आमचा ह्यो काळा. पेठेत ह्याला भाव कमी मिळतोय. तुमी लोक रंग बघताय."

पत्नी बराच वेळ त्या तपकिरी रव्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने कडेचा एक खडा तोंडात टाकला. "आमच्या आईकडं असला असायचा," ती म्हणाली. "मीच म्हणायचो तिला, हा काळा नको आणूस म्हणून."

सगळा गूळ असा रंगवलेला असतो असे माझे म्हणणे नाही. जमिनीवरून, उसाच्या जातीवरूनही रंग फिरतो. परंतु एखादा गूळ फारच पिवळा, फारच गोरा दिसला तर गृहिणींनी कौतुकाआधी चौकशी करावी. दुकानदार चिडेल, चिडू द्यावा.

आम्ही दहा किलोचा तपकिरी रवा आणि काकवीच्या दोन बाटल्या घेतल्या. परतीच्या वाटेवर नातू काकवीची बाटली मांडीवर घेऊन बसला होता आणि दर पाच मिनिटांनी ती अजून कोमट आहे का ते पाहत होता. ती कोमट होती. तापवली कुणी, ते त्याने या वेळी विचारले नाही. मुलगा गाडी चालवत होता, एकाएकी म्हणाला, "बाबा, मामाआजोबांची काहील तुम्ही विकायला नको होती." मी म्हणालो, मी विकली नाही. ते खरे होते, आणि त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

घरी रवा फुटला तेव्हा शेजारच्या वहिनी डोकावल्या. "अगबाई, हा काळा कसा?" आमच्या मंडळींनी त्यांना सगळे व्याख्यान दिले, हायड्रॉससकट. त्यांनी अर्धा किलो नेला. आठ दिवसांनी रिकामे भांडे घेऊन पुन्हा आल्या.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. गुऱ्हाळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतो. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत हिंडताना धूर आणि वास यांच्या मागाने गेले तर एखादे तरी चालू गुऱ्हाळ सापडेल. कुठे फलक असेल, कुठे नसेल. जिथे नसेल तिथे आधी विचारावे, कामात मध्ये उभे राहू नये, आणि रस फुकट मिळालाच तर निघताना गूळ विकत घ्यावा. सकाळी लवकर जावे. बारानंतर गेलेल्यास निवलेला गूळ आणि दमलेली माणसे दिसतात.

गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला होता. तिने वर्गात गुऱ्हाळावर पाच मिनिटे भाषण केले; बाईंनी विचारले, हे कुठल्या संकेतस्थळावर वाचलेस? यंदा तिला पहिली काहील उतरताना पाहायची आहे, म्हणजे पहाटे चारला तिथे हजर राहायला हवे. मी गुऱ्हाळवाल्याला फोन लावला. गुळव्याची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाला. हाताखालचे पोरगे टिकले आहे, यंदा शेवटच्या दोन काहिली तोच उतरवणार आहे.

"या की पहाटं," तो म्हणाला. "शेकोटी करतो. रताळी आनून ठिवतो पोरांसाठी."

मी मनात म्हटले, मामींची आठवण झाली असती तर यालाच झाली असती.

"पन तिकीट काढायला लागंल बरं का, काका," तो पुढे म्हणाला.

"काढतो," मी म्हणालो. "सहा जणांचं."

"सात म्हना की. शेजारच्या वहिनीबी येनार हाईत म्हनत्यात. त्यांचाबी फोन आलता."

यांना त्याचा नंबर कुणी दिला, ते मी आमच्या घरात अजून विचारलेले नाही.